अंतराळातला शोधक आधीपासूनच उणे १२० अंशांवर का ठेवला नाही?

प्रश्न: तृतीयवर्ष_भौतिकी, सोलापूर

सर्व जाणकारांना नमस्कार. मी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकते. अर्धसंवाहक शोधकांवर, म्हणजे प्रकाश किंवा क्ष-किरण टिपणाऱ्या चिपांवर, तापमानाचा काय परिणाम होतो, हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. त्यासाठी वाचन करताना मला पुढील माहिती मिळाली. युरोपीय अवकाश संस्थेची एक्सएमएम-न्यूटन ही क्ष-किरण वेधशाळा १० डिसेंबर १९९९ रोजी अवकाशात गेली. तिच्यावर मॉस नावाचे दोन कॅमेरे आहेत आणि त्यांच्या सीसीडी (पिक्सेलमध्ये प्रभार साठवणाऱ्या सिलिकॉनच्या शोधक-चिपा) सुरुवातीला उणे १०० अंश सेल्सिअसला चालवल्या जात होत्या. नोव्हेंबर २००२ मध्ये त्या उणे १२० अंशांपर्यंत उतरवण्यात आल्या, आणि त्याच वेळी वेधशाळेवरील वर्णपटमापकांच्या सीसीडीही उणे ८० वरून उणे ११० अंशांवर नेण्यात आल्या.

आमच्या पाठ्यपुस्तकानुसार शोधक थंड करण्याचे कारण डार्क करंट, म्हणजे प्रकाश पडलेला नसतानाही केवळ उष्णतेमुळे मुक्त होणारे इलेक्ट्रॉन. सिलिकॉनचे ऊर्जा-अंतर १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरून मी नेहमीच्या सूत्राने आकडे काढले, तेव्हा अधिक २० अंशांवरून उणे १०० अंशांवर येताना हा प्रवाह साधारण एक कोटी पटीने कमी होतो असे दिसले. उणे १०० वरून उणे १२० वर गेल्यास तो आणखी सुमारे १६० पटीने घटतो. परंतु एक कोटी पटीने घटल्यावर जे उरते ते जर मुळातच नगण्य असेल, तर त्याला पुन्हा १६० ने भागून काय साधले? आणि साधण्यासारखे काही होतेच, तर ते तीन वर्षे थांबून का केले, पहिल्या दिवसापासून का नाही? शिवाय थंडी जितकी जास्त तितके चांगले असेल, तर उणे १२० वरच का थांबले, उणे १५० पर्यंत का गेले नाहीत?

मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन.

उत्तर: उपकरणवाला_निवृत्त

आपण गणित बरोबर केले आहे, आणि त्या गणितातून निघायला हवी तीच शंका आपण काढली आहे. मॉस कॅमेऱ्यात पूर्ण चौकटीचे वाचन दर २.६ सेकंदांनी होते. एवढ्या अल्प काळात उणे १०० अंशांना साठणारा डार्क करंट क्ष-किरणांच्या कामात खरोखरच अडथळा ठरत नाही. नोव्हेंबर २००२ चा निर्णय डार्क करंटसाठी घेतलेला नव्हता. तो अवकाशातील प्रारणाने सिलिकॉनची जी नासधूस केली होती, तिच्यासाठी होता.

सीसीडीमध्ये एका पिक्सेलमध्ये जमा झालेला प्रभार वाचनासाठी ओळीमागून ओळ असा सरकवत चिपच्या कडेपर्यंत आणावा लागतो. मॉसच्या सीसीडीत ६०० गुणिले ६०० पिक्सेल आहेत आणि त्यापुढे साठवणीचा भाग आहे, त्यामुळे दूरच्या पिक्सेलमधील प्रभाराला शेकडो टप्पे पार करावे लागतात. नवी चिप प्रत्येक टप्प्यावर जवळजवळ सगळा प्रभार पुढे देते. अवकाशातील प्रोटॉन मात्र स्फटिकातील सिलिकॉनच्या अणूंना जागेवरून हलवतात. त्यातून निर्माण होणाऱ्या रिकाम्या जागा स्फटिकात भटकत भटकत फॉस्फरसच्या किंवा ऑक्सिजनच्या अणूशी जोडल्या जातात, किंवा दोन रिकाम्या जागा एकत्र येतात. अशी प्रत्येक जोडी म्हणजे इलेक्ट्रॉन पकडणारा एक सापळा होय. प्रभार वरून जाताना सापळा त्यातील एखादा इलेक्ट्रॉन पकडतो आणि काही काळाने सोडतो. पण तो सुटेपर्यंत मूळ पुंजका पुढे निघून गेलेला असतो.

यामुळे किती नुकसान होते, ते आकड्यांत पाहा. ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा एक क्ष-किरण फोटॉन सिलिकॉनमध्ये सुमारे १६०० इलेक्ट्रॉन मोकळे करतो, आणि हे इलेक्ट्रॉन मोजूनच आपण फोटॉनची ऊर्जा ठरवतो. प्रत्येक टप्प्यावर प्रभाराचा दहाहजारावा भाग जरी मागे राहिला, तरी हजार टप्प्यांनंतर सुमारे दहा टक्के प्रभार गळालेला असतो, म्हणजे ५.९ चा फोटॉन ५.३ चा भासतो. छायाचित्रात एवढ्या गळतीने तारा किंचित ओघळल्यासारखा दिसेल. पण ज्या उपकरणाचे कामच ऊर्जा मोजणे हे आहे, त्याच्यासाठी ही गळती फार मोठी आहे.

आता तापमानाकडे येऊ. सापळ्यात अडकलेला इलेक्ट्रॉन किती वेळाने सुटतो, हे सापळ्याच्या ऊर्जेवर आणि तापमानावर अवलंबून असते. सुमारे ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्ट खोलीचा सापळा घेतला, तर उणे १०० वरून उणे १२० वर जाताना हा सुटण्याचा काळ साठ-सत्तर पट लांबतो. म्हणजे आधीच्या एखाद्या फोटॉनने किंवा वैश्विक कणाने भरलेला सापळा पुढचा पुंजका येईपर्यंत भरलेलाच राहतो, आणि भरलेला सापळा नवा इलेक्ट्रॉन पकडू शकत नाही. आपल्याकडे उजनीच्या कालव्याचे आवर्तन सुटते तेव्हा पहिले पाणी भेगाळलेली काळी जमीन पिऊन टाकते. परंतु ओल टिकून असतानाच दुसरे पाणी आले, तर ते टेलपर्यंत, म्हणजे कालव्याच्या शेवटापर्यंत, पोहोचते. शोधक थंड करणे म्हणजे ही ओल जास्त काळ टिकवून धरणे. सापळे नाहीसे होत नाहीत, ते फक्त भरलेले राहतात.

यावरून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे मिळते. पहिल्या दिवशी चिप कोरी होती. सापळेच नसताना ते भरून ठेवण्यासाठी थंडी खर्च करण्याचे कारण नव्हते. आणि थंडीला किंमत मोजावी लागते. यानावर शोधकाची उष्णता रेडिएटरच्या पत्र्यातून काळ्या आकाशाकडे फेकली जाते. हा रेडिएटर गरजेपेक्षा मोठा करतात आणि शोधकाजवळ एक लहान हीटर ठेवून हवे ते तापमान राखतात. तापमान ‘उतरवणे’ याचा प्रत्यक्ष अर्थ बहुतेक वेळा हीटरची वीज कमी करणे एवढाच असतो, आणि म्हणून ते पृथ्वीवरून एका आज्ञेने करता येते. परंतु हीटरची वीज कमी करत करत शून्यावर आली की हातातील राखीव संपते. पुढे यानाचे उष्णतारोधक आवरण जुने होऊन आतली उष्णता वाढू लागली, तर तापमान स्थिर ठेवण्याचे साधन उरत नाही. अमेरिकेच्या चंद्रा या क्ष-किरण वेधशाळेच्या बाबतीत हा प्रश्न पुढे प्रत्यक्षात उभा राहिला. तिची आवरणे उन्हाने झिजली आणि तिच्या एसीस या कॅमेऱ्याचे तापमान उणे १२० अंशांवर धरून ठेवण्यासाठी निरीक्षणांचे वेळापत्रकच जपून आखावे लागू लागले.

दुसरे कारण दूषणाचे आहे. नवे यान पहिले काही महिने स्वतःच वाफा सोडत असते. गोंद, आवरणे आणि तारांची वेष्टने यांतून बाहेर पडणारे रेणू सर्वांत थंड पृष्ठभाग शोधून त्यावर बसतात. शोधक हाच यानातील सर्वांत थंड भाग असेल, तर घाण तिथेच जमणार. युरोपची युक्लिड ही अवकाश दुर्बीण १ जुलै २०२३ रोजी प्रक्षेपित झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिच्या प्रकाशमार्गात बर्फाचा अतिशय पातळ थर जमत असल्याचे लक्षात आले. मार्च २०२४ मध्ये तिचा एक आरसा उणे १४७ वरून उणे ११३ अंशांपर्यंत, म्हणजे अवघे ३४ अंश, तापवला तेव्हा तिच्याकडे पोहोचणारा प्रकाश १५ टक्क्यांनी वाढला. थंडीचा हा तोटा पाठ्यपुस्तकांत क्वचितच लिहिलेला असतो.

उणे १५० का नाही, याविषयी सवडीने लिहितो.

उत्तर: गच्चीवरची_दुर्बीण, सोलापूर

वरील उत्तर वाचून समाधान झाले. मी विजापूर रस्त्याच्या बाजूला राहते आणि आकाश मोकळे असेल तेव्हा गच्चीवरून तेजोमेघांची छायाचित्रे घेते. माझ्या लहानशा कॅमेऱ्यात थर्मोइलेक्ट्रिक कूलर आहे. तो शोधकाला भोवतालच्या हवेपेक्षा साधारण ३५ अंश खाली नेतो. सोलापुरात मे महिन्यात रात्री दहा वाजताही हवा ३० अंशांवर असते, म्हणजे मला उणे ५ मिळते. डिसेंबरात हवा १५ अंशांवर आली की उणे २० मिळते. छायाचित्रांतला फरक नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. आमच्या या तापमानांना डार्क करंट हाच खरा शत्रू आहे, त्यामुळे ताईंचे पाठ्यपुस्तक आमच्यापुरते खोटे नाही.

दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. ‘दर सहा अंशांना डार्क करंट निम्मा’ हा नियम आम्ही हौशी लोक सर्रास वापरतो. तो उणे १०० अंशांनाही लागू पडतो का? आणि आमच्या कॅमेऱ्यात ओलावा शोषणारी पूड भरलेली असते, कारण पावसाळ्यात शोधकासमोरच्या काचेवर दव धरते. युक्लिडवरील बर्फ वाचून मला तीच आठवली. अवकाशात असे काही शोषक ठेवता येत नाही का?

उत्तर: पट्टा_अंतर, बार्शी

मी बार्शीला महाविद्यालयात शिकवतो. तापमानाच्या नियमापुरते उत्तर देतो. तो नियम सगळ्या तापमानांना सारखा लागू पडत नाही, कारण मूळ सूत्र घातांकी असून घातांकाच्या छेदात निरपेक्ष तापमान आहे. ताईंनी वापरलेल्याच सूत्राने पाहिले, तर २० अंशांच्या आसपास प्रवाह निम्मा होण्यास साधारण साडेआठ अंशांची घट लागते, उणे १३ च्या आसपास पावणेसात अंशांची, आणि उणे ११० च्या आसपास अवघ्या पावणेतीन अंशांची. जितके थंडीत जावे तितका पुढचा प्रत्येक अंश अधिक परिणामकारक ठरतो. गच्चीवरच्या उणे ५ आणि उणे २० यांतील फरक या हिशेबाने साडेचार पटींचा आहे. प्रत्यक्ष चिपमध्ये पृष्ठभागावरून येणारा प्रवाह आणि काही सदोष पिक्सेल यांमुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतात.

सदोष पिक्सेलचा मुद्दा निघालाच आहे, तर हबल दुर्बिणीचे उदाहरण सांगतो. तिच्या एसीएस कॅमेऱ्याच्या विद्युत यंत्रणेची एक बाजू जून २००६ मध्ये बंद पडली. जुलैमध्ये कॅमेरा दुसऱ्या बाजूवर सुरू करताना त्याच्या विस्तृत क्षेत्राच्या सीसीडीचे तापमान उणे ७७ वरून उणे ८१ अंशांवर आणले गेले. फरक फक्त चार अंशांचा होता, पण त्यामुळे ‘गरम’ पिक्सेलची, म्हणजे प्रारणाने बिघडून अंधारातही चमकणाऱ्या पिक्सेलची, संख्या लक्षणीय घटली. हबलवर दीर्घ प्रकाशनाची छायाचित्रे घेतात, त्यामुळे तिथे डार्क करंट पुन्हा महत्त्वाचा होतो. एक्सएमएमचे कारण एक आणि हबलचे कारण दुसरे. ‘शोधक थंड केला’ हे वाक्य दोन्हीकडे सारखेच दिसते, म्हणून ताईंनी प्रकल्पात ही दोन उदाहरणे एकाच परिच्छेदात घालू नयेत, असे सुचवतो.

एक शंका मात्र मलाही आहे. प्रभाराची गळती किती होते हे ओळीनुसार मोजता येते. मग संगणकावर तेवढी भर घालून ऊर्जा दुरुस्त करता येईल. एवढ्यासाठी राखीव थंडी खर्च करण्याची खरोखर गरज होती का?

उत्तर: उपकरणवाला_निवृत्त

आधी सरांच्या शंकेविषयी लिहितो, कारण तीच या विषयाचा गाभा आहे.

संगणकीय दुरुस्ती करतातच, आणि थंड केल्यानंतरही करावी लागते. परंतु ती सरासरीची दुरुस्ती असते. वरचेच उदाहरण घ्या: १६०० पैकी सरासरी १६० इलेक्ट्रॉन गळतात. एखाद्या फोटॉनचे १५० गळतील, दुसऱ्याचे १७२. सापळ्यांचा हा योगायोग कोणत्या फोटॉनच्या वाट्याला किती आला, हे नंतर कळण्याचा मार्ग नाही. १६० चे वर्गमूळ काढले तर हा विस्कळीतपणा १२-१३ इलेक्ट्रॉनांचा येतो. सिलिकॉनमध्ये फोटॉन शोषला जाताना इलेक्ट्रॉनांच्या संख्येत निसर्गतः जी अनिश्चितता असते, ती याच ऊर्जेला १३-१४ इलेक्ट्रॉनांची आहे. म्हणजे प्रारणाने निसर्गाएवढीच आणखी एक अनिश्चितता वर टाकली. वाचनाचा गोंगाट पाच इलेक्ट्रॉनांचा धरला, तर वर्णरेषेची, म्हणजे एकाच ऊर्जेच्या फोटॉनांमुळे वर्णपटात दिसणाऱ्या रेषेची, रुंदी अंदाजे १२५ वरून १६५ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत जाते. रेषा सरकली तर ती मागे आणता येते. ती रुंदावली तर शेजारच्या रेषेत मिसळते, आणि मिसळलेल्या दोन रेषा कोणत्याही आज्ञावलीने पूर्ववत वेगळ्या होत नाहीत. गळती मुळातच कमी करणे हाच त्यावर उपाय आहे.

गच्चीवरच्या ताईंनी विचारलेल्या शोषकाबद्दल थोडक्यात सांगायचे, तर निर्वातात रेणू सरळ रेषेत उडतात. त्यामुळे शोषक ठेवला तरी तो फक्त त्याच्या समोर येणारे रेणू टिपतो. यानाचे सुटे भाग जोडणीपूर्वी निर्वातात भाजून घेणे आणि बाष्प बाहेर जाण्यासाठी मोकळी वाट ठेवणे यांवरच मुख्य भिस्त असते.

आता उणे १५० चा प्रश्न. रेडिएटर तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात उष्णता फेकतो. उणे १०० अंशांना तो जेवढी फेकतो, तेवढ्याच आकाराचा पत्रा उणे १२० ला त्याच्या ६१ टक्के फेकेल आणि उणे १५० ला जेमतेम चौथा हिस्सा. तारा, आधारांचे दांडे आणि आजूबाजूचे गरम भाग यांतून आत झिरपणारी उष्णता मात्र थंडीबरोबर कमी न होता वाढतेच. त्यामुळे एका ठिकाणी दोन्ही जुळतात आणि त्याखाली ते यान जाऊच शकत नाही. त्यातही रेडिएटरला कायम काळे आकाश दिसले पाहिजे. आपल्या इन्सॅट-३डी या हवामान उपग्रहाला वर्षातून दोनदा स्वतःभोवती वळवून घ्यावे लागे, कारण ऋतू बदलला की सूर्य त्याच्या शीतकाच्या बाजूला येतो.

जाता आले असते तरी जावे का, हा वेगळा प्रश्न आहे. सापळे एकाच जातीचे नसतात. फॉस्फरसशी जोडलेला सापळा खोल असतो. तो थंडीने गोठून भरलेला राहतो, हे वर लिहिलेच आहे. ऑक्सिजनशी जोडलेला सापळा उथळ, सुमारे ०.१७ इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो. उणे १०० अंशांना तो इलेक्ट्रॉन पकडतो आणि पुंजका पुढे सरकण्याआधीच इतक्या झटकन सोडतो, की त्याचा उपद्रव जाणवत नाही. पण तापमान फार उतरवले की तोही मंद होतो, आणि एका टप्प्यावर त्याचा सुटण्याचा काळ प्रभार सरकवण्याच्या काळाशी जुळतो. तेव्हा कालपर्यंत निरुपद्रवी असलेला सापळा गळती करू लागतो. म्हणून गळतीचा आलेख तापमानाबरोबर एकसारखा उतरत जात नाही, त्यात दरी असते. ही दरी कोणत्या तापमानाला येते, हे चिपची घडण, प्रभार सरकवण्याचा वेग आणि कोणत्या सापळ्यांची संख्या जास्त आहे, यांवरून ठरते. प्रकाशीय कॅमेऱ्यांना आणखी एक बंधन असते. सिलिकॉन थंड होत गेले की एक मायक्रॉनच्या आसपासचा अवरक्त प्रकाश शोषण्याची त्याची क्षमता घटते, आणि तांबड्या टोकाची संवेदनशीलता कमी होते. क्ष-किरणवाल्यांना त्याचे सोयरसुतक नाही.

प्रतिसाद: तृतीयवर्ष_भौतिकी, सोलापूर

सर, गळतीच्या आलेखात दरी असते ही गोष्ट मला सर्वस्वी नवी होती. आपण, बार्शीच्या सरांनी आणि गच्चीवरच्या ताईंनी एवढ्या तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार.

आता प्रकल्पासाठी विचारते. सोलापुरात बसून प्रयोगशाळेत शोधक उणे १०० अंशांपर्यंत थंड करणे मला शक्य नाही. परंतु एकच चिप निरनिराळ्या तापमानांना चालवली गेल्याचे उदाहरण अवकाशात सापडते का? तसे असेल, तर उपलब्ध निरीक्षणांवरून मी तुलना करू शकेन. आणि दुसरे असे की, बिघडलेली चिप गरम केली तर स्फटिकातील दोष भरून येतात असेही वाचले आहे. मग थंड करण्याऐवजी एकदा चांगली तापवून का घेत नाहीत?

उत्तर: क्षकिरण_मुंबई

माझे शिक्षण सोलापुरातच झाले, म्हणून हा धागा पाहून लिहिण्याचा मोह आवरला नाही.

आपल्याला हवे तसे उदाहरण खरोखर आहे. मॉस कॅमेऱ्यांत वापरलेली सीसीडी-२२ ही चिप पुढे अमेरिकेच्या स्विफ्ट यानावरील क्ष-किरण दुर्बिणीत आणि आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरील सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोपमध्येही बसवली गेली. अ‍ॅस्ट्रोसॅटची ही दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली आणि तिच्या कॅमेऱ्यासाठी इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाचे साहाय्य होते. तिची चिप थर्मोइलेक्ट्रिक कूलरने उणे ८० अंशांच्या आसपास ठेवतात. स्विफ्टची चिप उणे १०० अंशांवर चालवायची असे ठरले होते. पण नोव्हेंबर २००४ मधील प्रक्षेपणानंतर थोड्याच काळात तिच्या थर्मोइलेक्ट्रिक कूलरचा वीजपुरवठा बिघडला. तेव्हापासून ती केवळ रेडिएटरच्या बळावर उणे ५० ते उणे ७० अंशांच्या दरम्यान राहते, आणि यान कोणत्या दिशेला तोंड करून आहे त्यानुसार हे तापमान बदलते. त्यामुळे कोणता तारा कधी पाहायचा हे ठरवताना त्या दिशेला कॅमेरा कितपत तापेल, याचाही विचार तेथील नियोजकांना करावा लागतो.

इथे डार्क करंट पुन्हा मुख्य अडचण ठरतो. उणे ५० च्या जवळ उष्णतेचे इलेक्ट्रॉन इतके होतात, की कमी ऊर्जेचे फोटॉन आणि निव्वळ गोंगाट यांत फरक करणे कठीण जाते. ऑगस्ट २००७ मध्ये त्यांनी चिपच्या पायाभूत थराचा विद्युतदाब शून्यावरून सहा व्होल्ट केला, तेव्हा हा गोंगाट कमी झाला आणि चिप काही अंश अधिक उबदार असतानाही वापरता येऊ लागली. थंडी मिळत नसेल तर दुसऱ्या वाटेने जावे लागते, याचा हा चांगला नमुना आहे. मला स्वतःला तो तापमान उतरवण्यापेक्षाही हुशारीचा वाटतो.

या तिन्ही यानांची तुलना करताना मात्र एक सावधगिरी बाळगा. त्यांच्या कक्षा फार वेगळ्या आहेत. एक्सएमएम पृथ्वीपासून दूरवर जाणाऱ्या लांबट कक्षेत सुमारे ४८ तासांत एक फेरी करते आणि प्रत्येक फेरीत प्रारणपट्ट्यांतून, म्हणजे पृथ्वीभोवतीच्या वेगवान कणांच्या पट्ट्यांतून, जाते. अ‍ॅस्ट्रोसॅट सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताशी फक्त ६ अंशांचा कोन करून फिरतो, त्यामुळे दक्षिण अटलांटिकवरील प्रारणाच्या प्रदेशाला तो जेमतेम कडेने स्पर्श करतो. स्विफ्टच्या कक्षेचा कोन २०.६ अंश आहे. म्हणजे चिप तीच असली तरी तिघींच्या अंगावर पडलेला मार सारखा नाही, आणि तापमानाचा परिणाम त्यातून वेगळा काढणे सोपे जाणार नाही.

म्हणून मी सुचवेन की तीन यानांची तुलना करण्यापेक्षा एकट्या एक्सएमएमची नोव्हेंबर २००२ च्या आधीची आणि नंतरची निरीक्षणे घ्यावीत. चिप तीच, कक्षा तीच, सापळेही जवळजवळ तेवढेच, आणि बदललेली गोष्ट मुख्यतः तापमान. या कॅमेऱ्यांत लोह-५५ चा किरणोत्सारी स्रोत बसवलेला आहे. त्यापासून ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची मँगनीजची रेषा आणि अ‍ॅल्युमिनियमची सुमारे १.५ ची रेषा मिळते. झाकण बंद ठेवून केवळ या स्रोताची घेतलेली निरीक्षणे संग्रहात सर्वांना खुली आहेत. चिपच्या वाचनाच्या कडेजवळच्या आणि दूरच्या ओळी वेगळ्या करून ५.९ ची रेषा कुठे पडते आणि किती रुंद आहे, ते दोन्ही काळांसाठी काढा. फक्त नेहमीची गळतीची दुरुस्ती बंद ठेवून प्रक्रिया करा, नाहीतर जे पाहायचे तेच आज्ञावली पुसून टाकेल. लोह-५५ चे अर्धायुष्य २.७ वर्षे असल्यामुळे नंतरच्या वर्षांत स्रोत मंदावलेला आढळेल, म्हणून २००२ च्या दोन्ही बाजूंची जवळची निरीक्षणे निवडा.

उत्तर: उपकरणवाला_निवृत्त

मुंबईच्या सरांनी सुचवलेली वाट उत्तम आहे. तापवण्याचा जो प्रश्न राहिला, त्याविषयी लिहितो.

तापवणे काही ठिकाणी उपयोगी पडते. हबलवर सीसीडी ठरावीक काळाने शून्याच्या वर तापवून घेतात, आणि त्यामुळे गरम झालेल्या पिक्सेलपैकी बरेच पूर्ववत होतात. मात्र त्याने प्रभाराची गळती सुधारत नाही, कारण फॉस्फरसशी जोडलेला सापळा मोडण्यासाठी त्याहून कितीतरी जास्त तापमान लागते, आणि ते कॅमेऱ्यातील गोंदांना व जोडांना सोसणारे नसते.

आणि तापवण्यात धोकाही असतो, हे चंद्रा वेधशाळेच्या इतिहासात दिसते. ती २३ जुलै १९९९ रोजी अवकाशात गेली. पहिल्या काही आठवड्यांत प्रारणपट्ट्यांतून जाताना सुमारे १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे मंद प्रोटॉन तिच्या आरशांवरून विखरून थेट एसीस कॅमेऱ्यावर पडले. असे काही होईल याची कोणालाच अपेक्षा नव्हती. दहापैकी ज्या आठ चिपांमध्ये प्रभार सरकवण्याचा थर समोरच्या बाजूला होता, त्यांची गळती एकदम वाढली. मागच्या बाजूने प्रकाश घेणाऱ्या दोन चिपा वाचल्या, कारण तेवढे मंद प्रोटॉन त्यांच्या थरापर्यंत पोहोचतच नाहीत. सप्टेंबर १९९९ मध्ये कॅमेरा अधिक ३० अंशांपर्यंत तापवण्यात आला, आणि गळती कमी होण्याऐवजी वाढली. त्यानंतर तापमान उणे १०० वरून उणे ११० आणि २९ जानेवारी २००० रोजी उणे १२० अंशांवर नेण्यात आले. प्रारणपट्ट्यांतून जाताना एसीस नाभीच्या जागेवरून बाजूला सरकवून ठेवण्याची शिस्तही तेव्हापासून लागली.

एक्सएमएमच्या मंडळींनी नोव्हेंबर २००२ मध्ये निर्णय घेतला, तेव्हा शेजारच्या वेधशाळेचा हा सारा अनुभव त्यांच्यासमोर होता. ताईंनी प्रकल्पात २००२ चा आलेख काढला, तर त्याशेजारी चंद्राच्या तापमानाच्या या तीन पायऱ्याही मांडाव्यात. आणि दोन्ही काळांच्या निरीक्षणांसाठी अंशांकनाच्या त्या त्या काळातील संचिका वापराव्यात, कारण तापमान बदलले की प्रवर्धकाचे गुणोत्तरही किंचित बदलते. ते लक्षात घेतले नाही, तर वाचनाच्या कडेजवळच्या ओळींतही रेषा सरकलेली दिसेल आणि तो फरक गळतीच्या खात्यावर जमा होईल.